टक होतं, पण सेल्फ फिरत नाही

आज आमच्या घरच्या गाडीची गोष्ट. पप्पांचा जुना डिझेल ट्रक, छोटा, 12 व्होल्टचा. रात्री टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावहून वाशीला निघायचं, आणि चावी फिरवली की नुसतं ‘टक’.

आधी हा आवाज नीट ऐका. ‘टकटकटकटक’ असा लागोपाठ आला तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते, नाहीतर टर्मिनल सैल किंवा गंजलेलं. सोलेनॉइड ओढलं जातं, व्होल्टेज कोसळतं, ते सुटतं, परत ओढलं जातं. एकच जड ‘टक’ येऊन सगळं गप्प झालं, तर सोलेनॉइड ओढलं गेलंय, पण मोटरला करंट पुरत नाहीये. किंवा मोटरच जाम आहे.

आमचा एकच टक. हेडलाइट लावून सेल्फ मारला, लाइट जराही मंद झाले नाहीत. म्हणजे बॅटरी ठीक. मिस्त्री म्हणाले, सेल्फ गेला. उतरवला, कार्बन बदलले, नवं सोलेनॉइड टाकलं, पैसे दिले. दुसऱ्या रात्री माल भरून पुन्हा टक! क्रेट शेजारच्या काकांच्या गाडीत चढवले. पप्पा काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

मग मी मल्टिमीटर आणला. साधा असला तरी चालतो. बॅटरी 12.6, म्हणजे फुल्ल. आता एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडावर. भावाला म्हटलं, मार सेल्फ. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. आलं 6!

भानगड अशी, की इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. त्यामुळे चॅसिसपासून इंजिनपर्यंत एक जाड अर्थची पट्टी जोडतात. आमची बोल्टखाली हिरवी पडून कुजली होती. लाइटचा अर्थ बॉडीतून, म्हणून ते मजेत. आणि हो, सेल्फ मारला की अॅक्सिलरेटरची केबल गरम लागते, हे पप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. करंट तिथून वाट काढत होता. कुणी मनावरच घेतलं नाही, मीपण नाही.

मीटर नसेल तर जंपर केबल बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनला लावा. सेल्फ फिरला की समजा, अर्थचाच घोळ. नाही फिरला, तर प्लसची जाड तार तशीच तपासा, मग सेल्फकडे जा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हे मात्र आधी. आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवून सेल्फ शॉर्ट करू नका. गिअर राहिला असेल तर गाडी अंगावर येते.

मायनस काढून नवी पट्टी टाकली, बोल्टची जागा पॉलिश पेपरने घासली. त्या रात्री सेल्फ पहिल्या फटक्यात. पप्पांनी केबलला हात लावून बघितला आणि म्हणाले, “गार आहे. चल, भर क्रेट.”