मैदानात उतरण्याआधीचा अर्धा तास
(वर्ध्यात खेळाडू आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुण-तरुणींसमोर केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. धावायचं कसं, हे तुमचे सर सांगतील. मी तुमच्या खिशातल्या फोनबद्दल बोलणार आहे.

हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी, कुठल्याही ग्राउंडवर सकाळी जा. फजरनंतर पोरं जमतात आणि वॉर्म-अपच्या आधी फोन बाहेर निघतो. "दोन रील बघतो, फ्रेश वाटतं." वाटतं खरं. पण रीलला शेवट नसतो. खाली सरकवत राहिलं की नवं येतच राहतं, ही सोय 2006 मध्ये अझा रास्किन यांनी तयार केली. प्रत्येक रीलला डोकं ठरवत असतं, बघू की पुढे जाऊ? तुम्ही बसलेले असता, डोकं मात्र कामावर असतं.

त्याचा पायांशी काय संबंध? 2009 साली सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 16 जणांना एकदा 90 मिनिटं संगणकावर सतत लक्ष द्यावं लागणारं काम दिलं, दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा नंतर दम संपेपर्यंत सायकल. माहितीपटानंतर सरासरी 754 सेकंद टिकले, त्या कामानंतर 640. हृदय आणि स्नायू दोन्ही वेळा सारखंच काम करत होते. फक्त तोच जोर जास्त कठीण वाटला आणि माणसं आधी थांबली.

तो प्रयोग फोनवरचा नव्हता. फोनवरचा ब्राझीलमध्ये झाला. 2019 मध्ये लिओनार्दो फोर्टेस यांच्या गटाने फुटबॉलपटूंना सामन्याआधी सोशल मीडियाची अ‍ॅप वापरायला दिली. 15 मिनिटांनी फारसं बिघडलं नाही. 30 आणि 45 मिनिटांनंतर पास कुणाला द्यायचा, हा निर्णय चुकू लागला. कबड्डीवाल्यांनो, तुमची रेड 30 सेकंदांची असते. बोनस घ्यायचा की मागे फिरायचं, याला त्यात कितीसा वेळ मिळतो?

भरतीवाल्यांसाठी एक गंमत आहे. मानसिक थकव्याचा निव्वळ ताकदीवर आणि छोट्या स्फोटक जोरावर फारसा परिणाम दिसलेला नाही. म्हणजे गोळा तेवढाच जाईल, 100 मीटरही जवळपास तसेच निघतील. मार बसण्याची भीती आहे ती मुलांच्या 1600 आणि मुलींच्या 800 मीटरला, जिथे "आता बस" म्हणणाऱ्या डोक्याशी झगडावं लागतं. गुण तिथेच जातात, आणि आपण दोष देतो बुटांना.

कॉमेंट्सचं ओझं आणखी वेगळं. 24 ऑक्टोबर 2021 ला पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीला धर्मावरून काय काय ऐकावं लागलं, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. विराट कोहली उघडपणे त्याच्या बाजूने उभा राहिला. 2023 च्या विश्वचषकात शमीने 24 बळी घेतले. शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख. 2024 च्या सुरुवातीला तिला लिहावं लागलं की प्रेक्षक तिच्या चालींपेक्षा कपडे आणि केस बघतात. पुढच्या वर्षी तिने महिला विश्वचषक जिंकला. पण प्रत्येक पोराला, प्रत्येक पोरीला हे सोसून उठता येईलच असं नाही. सामन्याच्या सकाळी कॉमेंट्स वाचायच्याच कशाला?

रिओ ऑलिंपिकआधी गोपीचंद सरांनी सिंधूचा फोन तीन महिने काढून घेतला होता. तुम्हाला तीन महिने नको. ग्राउंडवर आल्यावर सगळ्यांचे फोन एका पिशवीत, पिशवी सरांकडे. घरून फोन आला तर सर उचलतील. आणि वेळ मोजायला फोन लागतो म्हणाल, तर सगळ्यांत मिळून एक साधं स्टॉपवॉच घ्या.