एबीएसचा दिवा आणि निर्दोष सेन्सर

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी होते आणि दोन-चार सेकंदांत विझते. त्यातला एबीएस लिहिलेला पिवळा दिवा विझलाच नाही, तरी गाडी पळते, ब्रेकही लागतो. म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. ‘तो दिवा तेवढा बंद करून द्या,’ असं सांगणारे माझ्या गॅरेजमध्ये पुष्कळ येतात. नुसता दिवा बंद करणं फारसं अवघड नाही. पण ते मी करत नाही.

जोरात ब्रेक दाबला की चाक जागीच आवळलं जाऊन घसरू लागतं आणि घसरणारी पुढची चाकं स्टिअरिंगला जुमानत नाहीत. एबीएस हे टाळतं. प्रत्येक चाकापाशी बोटाच्या पेराएवढा सेन्सर असतो, तो चाकाचा वेग कॉम्प्युटरला कळवतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावलं की त्याचा ब्रेक क्षणभर सैल सोडला जातो. पण एका चाकाची जरी खबर येईनाशी झाली, तरी सहसा सगळी यंत्रणा बाजूला होते आणि साधा ब्रेक उरतो. पावसाळ्यात घाट उतरताना याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे हा दिवा आता छोट्या गाड्यांतही आला.

मागे एक शिक्षिका गाडी घेऊन आल्या. दुसरीकडे पुढच्या उजव्या चाकाचा सेन्सर दोनदा बदलून झाला होता, तरी दिवा तसाच. स्कॅनर लावला. ‘उजवं पुढचं चाक, सिग्नल नाही.’ इथेच गफलत होते. स्कॅनर कुठून खबर येत नाही एवढंच सांगतो. का येत नाही, हे त्याला ठाऊक नसतं. सेन्सर, त्याची वायर, सॉकेट, चाकाबरोबर फिरणारी रिंग, यांतलं काहीही बिघडलेलं असू शकतं.

मी विचारलं, ‘बाई, दिवा कधीपासून लागतोय?’

‘त्या चाकाचं बेअरिंग बदललं, त्या दिवसापासून.’

हा प्रश्न फुकट असतो, म्हणूनच बहुधा कोणी विचारत नाही!

तरी क्रम सोडला नाही. चाक उचलून वायर पाहिली. स्टिअरिंगबरोबर जिथे ती वाकते, तिथे वरचं आवरण शाबूत राहून आतली तार तुटते. उंदरांची कृपा असते ती वेगळीच. वायर ठीक होती, सॉकेटपर्यंत वीजही येत होती. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये तारेचं वेटोळं असतं, त्याचा रोध मीटरवर मोजता येतो. नव्यांत चिप असते, तिथे तशा मोजणीला अर्थ नाही.

मग ॲक्सल बाजूला करून बेअरिंग पाहिलं. अशा बेअरिंगच्या एकाच बाजूच्या सीलमध्ये चुंबकाचे उत्तर-दक्षिण ध्रुव एकाआड एक बसवलेले असतात आणि सेन्सर तेच मोजतो. डोळ्यांना दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच दिसतात. चुंबक दाखवणारी एक पातळ फिल्म मिळते. ती लावली तर चुंबकाच्या बाजूवर बारीक पट्टे उमटतात. इथे फिल्म कोरीच राहिली. बेअरिंग उलटं बसवलं होतं! सेन्सर बिचारा कोऱ्या भिंतीकडे बघत होता.

दाबून बसवलेलं बेअरिंग काढताना सहसा खराबच होतं, त्यामुळे नवं आणावं लागलं. बाईंनी जुने सेन्सर पिशवीत जपून ठेवले होते. त्यातला गाडीबरोबर आलेला पहिलाच मी परत बसवला, कोड पुसला आणि सरळ रस्त्यावर गाडी काढली. स्कॅनरवर चारही चाकं २० दाखवत होती. वळणावर बाहेरचं चाक थोडं पुढे गेलं, तसं ते जायलाच हवं. दिवा विझलेला होता. बाईंनी मागच्या सीटवरच्या पिशवीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘मग उरलेल्या दोघांचं मी काय करू?’