आईचे वय

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला विषय दिला तो असा : ‘चाळिशीकडे झुकलेल्या माता आपल्या वयाच्या दिसतात काय?’ तो वाचून प्रथम मला हसू आले. आपल्याकडे या विषयासाठी व्याख्यानाची गरज नसते. हळदीकुंकवाला चार जणी जमल्या की तो आपोआप सुरू होतो. ‘मुलगी कॉलेजात? वाटत नाही हो!’ असे म्हटले की ऐकणारीची कळी खुलते, आणि ‘किती वाळलात!’ म्हटले की ती घरी जाऊन आरशासमोर उभी राहते. या विषयावर पंधरा मिनिटे काय बोलावे, याची मी विवंचना करीत होते. तोच कपाट आवरताना एक जुने छायाचित्र हाती लागले, आणि माझे हसू ओसरले.

छायाचित्र १९५७ सालचे आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नातले. मध्यभागी वधूवर, त्यांच्या शेजारी आमची आई. नऊवारी लुगडे, मागे घट्ट अंबाडा, कानशिलांवर पांढरे केस, गाल आत गेलेले. माझी नात ते पाहून म्हणाली, ‘आजी, ही तुझी आजी का?’ मी म्हणाले, ‘नाही ग, माझी आई.’ ‘मग तेव्हा ती किती वर्षांची होती?’

मला हिशेब करावा लागला. आईची जन्मतारीख आम्हां भावंडांपैकी कोणालाच ठाऊक नाही. ती मानमोडीच्या साली जन्मली एवढेच घरात सांगत. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. म्हणजे त्या लग्नात आईचे वय होते ३९. आज माझी सून ३९ वर्षांची आहे. ती रोज सकाळी नातवाला शाळेच्या बसमध्ये बसवते आणि स्वतः कचेरीला जाते. नातीने दोघींकडे आळीपाळीने पाहिले आणि ती काही बोलली नाही.

आता कोणी म्हणेल, त्या काळी माणसे अल्पायुषीच होती, चाळिशी म्हणजे म्हातारपणच. हा एक मोठा गैरसमज आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते हे खरे. आज ते ७० च्या घरात आहे. परंतु ती सरासरी खाली ओढली होती ती मुख्यतः दगावणाऱ्या तान्ह्या बालकांनी. जो लहानपणातून वाचला, त्याला त्या काळीही पुढे पुष्कळ वर्षे मिळत. आमचीच आई पाहा. ती १९९९ साली गेली, ८१ वर्षांची होऊन. म्हणजे त्या छायाचित्रात तिचे अर्धे आयुष्यही सरले नव्हते. आम्ही मात्र तिला तेव्हाच म्हातारी करून टाकले होते.

‘आम्ही’ हा शब्द मी जाणून वापरते. तिचे लग्न १९३३ साली, पंधराव्या वर्षी झाले. शारदा कायद्याने १९३० पासून मुलींसाठी चौदा वर्षांची मर्यादा घातली होती, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने सारे यथास्थित होते. आठ बाळंतपणे झाली, त्यांतली सहा मुले जगली. घरात जेवायला ती सर्वांत शेवटी बसे, आणि पातेल्यात जे उरेल ते खाई. बाळंतपणाने दात जातात असे तेव्हा बायका समजत. वस्तुतः गरोदरपणी हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, आणि त्यांची निगा न राखल्यास दात हलू लागतात. आईचे दोन दात असेच गेले, म्हणून छायाचित्रात तिने ओठ घट्ट मिटले आहेत. चुलीच्या धुराने डोळे सदा लाल. यांतले वयाचे किती आणि हालअपेष्टांचे किती, याची वाटणी कोण करणार?

राहिलेले काम आम्ही घरच्यांनी केले. बहिणीचे लग्न झाल्यावर आजी आईला म्हणाली, ‘आता तू सासू झालीस. मुलीच्या वयाची लुगडी नेसू नकोस.’ आईजवळ अबोली रंगाचे एक इरकली लुगडे होते. ते तिने घडी मोडण्याआधीच बहिणीच्या पेटीत घातले. मी तेव्हा सात वर्षांची होते. ते लुगडे पेटीत जाताना मी पाहिले, आणि त्यात काही वावगे आहे असे मला पुढे कित्येक वर्षे वाटले नाही.

तिच्या डोळ्यांची गोष्टही तशीच. आपल्या मराठीत ‘चाळिशी’ म्हणजे वयही आणि चष्माही. भाषेने हा सांधा बरोबर जुळवला आहे. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे नीट दिसेनासे होते. तो रोग नव्हे. गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष कोणालाही तो चुकत नाही. वडिलांना ४२ व्या वर्षी चाळिशी लागली, तेव्हा ते तालुक्याला जाऊन चष्मा घेऊन आले आणि घरात त्यांचा रुबाब वाढला. आई मात्र बारा वर्षे आम्हां मुलांकडून सुई ओवून घेत होती. ‘सुई ओव ग जरा’ हे तिचे वाक्य आजही माझ्या कानात आहे. तांदूळ निवडताना ती ताट दूर धरी. तिला चष्मा हवा आहे हे आम्हां सहा मुलांपैकी आणि एका चष्मेवाल्या पतीपैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही. आईचे वय झाले, असे आम्ही म्हणत असू.

भगिनींनो, आपल्या घरात आईचे वय तिच्या जन्मसालावरून मोजले जात नाही, मुलांवरून मोजले जाते. मुलगी उपवर झाली की आई प्रौढ, जावई आला की आई म्हातारी. त्याच वयाची दुसरी स्त्री शाळेच्या फाटकाशी उभी असली तर ती तरुण. अलीकडे पहिले मूलच तिशीच्या आसपास होते, म्हणून आजच्या माता आपल्याला वयाने लहान दिसतात. त्यात आहारविहाराचा वाटा आहेच, पण आपल्या नजरेचाही आहे. डॉ. इरावती कर्वे तीन मुलांच्या आई होत्या आणि १९५० च्या दशकात, पंचेचाळिशी उलटल्यावर, पुण्याच्या रस्त्यांवरून स्कूटर चालवीत होत्या. त्या दिसायला किती वर्षांच्या वाटत, याची चौकशी कोणी केली असेल असे मला वाटत नाही.

आता माझीच एक गोष्ट सांगते. १९९३ साली मी ४३ वर्षांची होते, शाळेत शिकवीत होते. जिना चढताना धाप लागे, केस मूठमूठ गळत, चेहरा पिवळा पडला होता. घरातले म्हणाले, चाळिशी उलटली, आता असे व्हायचेच. मीही तेच म्हणत होते. आईला चष्मा न देणारी मी, स्वतःला काय देणार? शेवटी एका सहशिक्षिकेने जवळजवळ दटावून माझे रक्त तपासायला लावले. स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की पंडुरोग समजतात. माझे ७ भरले नाही. कारण होते गर्भाशयातली गाठ आणि तिच्यामुळे वर्षानुवर्षे होणारा अतिस्राव. त्याविषयी मी कधी कोणापाशी अक्षर काढले नव्हते. उपचार झाले, सहा-सात महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, जेवणाबरोबर लिंबू आणि जेवणानंतरचा चहा बंद. (चहाने लोह अंगी लागत नाही, हे बऱ्याच जणींना अजूनही ठाऊक नसते.) त्या दिवाळीला जो तो म्हणे, ‘तुम्ही तर दहा वर्षांनी लहान दिसायला लागलात!’ मी होते तेवढ्याच वयाची होते. फक्त अंगात रक्त आले होते.

हे एकटीचे गाऱ्हाणे असते तर मी येथे मांडले नसते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरांत ५४ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे या मंडपात डाव्या-उजव्या बाजूला पाहिलेत, तर दोघींपैकी एक. कंठातल्या अवटू ग्रंथीचे काम मंदावले तरी असेच होते : चेहरा सुजतो, कातडी कोरडी पडते, केस जातात, उत्साह मावळतो. आणि आपल्याकडे बहुतेक जणींची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. त्याआधीची काही वर्षे झोप उडणे, अंगातून वाफा निघणे, विनाकारण चिडणे हे चालूच असते. या सगळ्यावर आपले औषध एकच : ‘वय झाले.’

याच्या उलट बाजूचाही एक अनुभव आहे. तो सांगताना मला जड जाते. माझी नणंद दिसायला फार सुरेख. पन्नाशीतही केस काळेभोर, चेहऱ्यावर सुरकुती नाही. तिला मुलीची थोरली बहीण समजत, आणि तिलाही त्याचा अभिमान होता. तिला कोणी कधी रक्तदाब तपासायला सांगितले नाही. सांगावेसे वाटलेच नाही. रक्तदाब चेहऱ्यावर दिसत नाही. एका सकाळी दूध तापवताना तिचा उजवा हात लुळा पडला. पुढची अकरा वर्षे ती डाव्या हाताने जेवली. तिला भेटायला येणारेही म्हणत, ‘वय अजून दिसत नाही हं तुमचे.’ ती हसे, आणि मला खोलीबाहेर जावेसे वाटे.

तेव्हा चिटणीसांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, तो प्रश्न आरशाला किंवा शेजारणीला विचारण्यात अर्थ नाही. पांढरे केस पुष्कळसे आईबापांकडून येतात, सुरकुत्या पुष्कळशा उन्हाने पडतात. त्यांवरून वय कळत नाही, प्रकृती तर नाहीच नाही. कलप लावावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी लावीत नाही, माझी धाकटी बहीण लावते, आणि आम्हां दोघींचे त्यावरून कधी भांडण झालेले नाही.

एक विनंती मात्र मंडळाला करते. आपली परिवार-सूची दर पाच वर्षांनी निघते. तीत कुटुंबप्रमुखाची जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय असतो. मुलामुलींच्या जन्मतारखा असतात, कारण पुढे स्थळे पाहायची असतात. मातेच्या नावापुढे मात्र ‘सौ.’ आणि माहेरचे आडनाव, बस्स. नव्या आवृत्तीत तिचीही जन्मतारीख छापावी. आणि संमेलनाच्या दिवशी जसे वक्तृत्वाचे बक्षीस देता, तसे एका बाजूला पडदा लावून चाळिशीच्या स्त्रियांचे रक्त, रक्तदाब आणि डोळे तपासण्याची सोय करावी. आपल्या ज्ञातीत डॉक्टरांची वाण नाही. दोघींनी मला होकारही दिला आहे.

अध्यक्षमहाराजांनी ही सूचना मान्य केल्याचे आत्ताच मानेने सांगितले, त्याबद्दल मी आभारी आहे. परिवार-सूचीचे कोरे अर्ज दाराशी टेबलावर ठेवले आहेत. माझा अर्ज मी येतानाच भरला. दिवंगत व्यक्तींच्या रकान्यात आईचे नाव घातले आणि पुढे लिहिले : जन्म १९१८, मानमोडीचे साल. तारीख मिळाली नाही.