पोटाचे भाडे



माझे अब्बा भुसावळला हातगाडीवर केळी विकत. पहाटे वखारीतून माल उचलायचा, फण्या गाडीवर मांडायच्या आणि दुपारपर्यंत गल्लोगल्ली हिंडायचे. गाडीच्या दांड्याला हात लावण्याआधी ते एक केळे खात. तेही काळे पडलेले, गिऱ्हाईक घेणार नाही असे. मी हसलो की म्हणत, "बेटा, गाडी चालवायची तर पोटाला आधी भाडे द्यावे लागते."

पन्नाशी उलटेपर्यंत मी हे वाक्य विसरलो होतो. नोकरी बसून, कविताही बसूनच. तीन वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली आणि मी धसकाच घेतला. फळे घरातून हद्दपार केली. पहाटे उठून नुसती गोळी घ्यायची आणि अनशापोटी मैदानाला फेऱ्या मारायच्या, असा नेम धरला. एके दिवशी तिसऱ्या फेरीत दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. कडेच्या चहावाल्याने भरपूर साखरेचा चहा पाजला, म्हणून घरी परतलो. केळीवाल्याचा मुलगा केळ्याला घाबरून पडता पडता वाचला होता!

डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली आणि नीट समजावले. रात्रभर आपण उपाशी असतो, तेव्हा यकृत आपल्या साठ्यातली साखर शरीराला पुरवते. पहाटे तो साठा उतरलेला असतो. निरोगी माणसाला तरीही अर्धा तास चालण्यासाठी आधी काही खावेच लागते, असे नाही. पण मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली येऊ शकते. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच नेम ठरवावा. मला त्यांनी चालण्याआधी अर्धे केळे सांगितले.

यात हिशेबही आहे. मध्यम केळ्यातून साधारण शंभर कॅलरी मिळतात. अर्धा तास भरभर चालून जवळपास तेवढ्याच खर्च होतात. दोन केळी खाऊन दोन फेऱ्या मारल्या, तर जमाच वाढणार. फळ चावून खावे. रस काढला की बराचसा चोथा, म्हणजे तंतू, निघून जातो आणि साखर रक्तात लवकर चढते. व्यायाम मात्र नेमाने हवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस.

केळे पिकते तसे त्यातल्या पिठाची साखर होते. अब्बांच्या त्या काळ्या केळ्यात साखरच साखर असे. ते त्यांनी गरिबीने निवडले होते, पण सहा-सात तास गाडी ढकलणाऱ्या शरीरात ती जिरूनही जाई. माझे तसे नाही. मी फार न पिकलेले केळे घेतो, तेही अर्धेच. जेवढे काम, तेवढे भाडे.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती बातमी ऐकायला अब्बा नव्हते. हल्ली पहाटे फणीतले चांगले केळे निवडताना माझा हात क्षणभर थांबतो. चांगली केळी त्यांनी जन्मभर दुसऱ्यांसाठीच राखली. मग मी अर्धे केळे खातो, अर्धे बायकोला देतो आणि आम्ही दोघे चालायला निघतो.