रात्रीचा आकडा



पत्रिकेवर विषय छापलाय, ‘दैनंदिन तापमानाची टोके : निरीक्षणे आणि मॉडेल्स’. असं नाव वाचूनही मे महिन्यात तुम्ही आलात, म्हणजे एकतर विषयाची गोडी आहे, नाहीतर घरी वीज गेलीय. (हशा)

हरितगृह वायू वगैरे नातवंडांनी तुम्हाला शिकवलेलं असणार. ते सोडून देतो. मी आलोय किमान तापमानाची बाजू मांडायला. वर्तमानपत्रं ‘पारा बेचाळिशीत’ पहिल्या पानावर ठोकतात आणि रात्रीचा आकडा आत कुठेतरी, सोन्याच्या भावाखाली.

तो आकडा मोजतात कसा, ते आधी. पुण्याचं सिमला ऑफिस तुम्हाला बसथांबा म्हणून ठाऊक. 1928 मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, त्याची ती खूण. वेधशाळेत झिलमिळ्यांची पांढरी पेटी असते. ती बेतली टॉमस स्टीव्हन्सन यांनी, म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्याच्या वडिलांनी. कमाल तापमापी पाऱ्याची. किमान मात्र अल्कोहोलची, आत टाचणीएवढी दांडी. रात्री द्रव आकसतो, तसा त्याचा पृष्ठभाग दांडीला मागे ओढत नेतो. पहाटेनंतर द्रव पुढे सरकतो, दांडी जागच्या जागी राहते. साडेआठला निरीक्षक येऊन वाचतो. रात्रभराची साक्ष ती एवढीशी दांडी देते!

आता हवामानाचं मॉडेल. जागतिक मॉडेल पृथ्वीच्या चौकटी पाडतं, ठोकळ मानानं शंभर-शंभर किलोमीटरच्या. हर्णै ते सातारा सरळ रेषेत शंभराच्या आतच, आणि मध्ये महाबळेश्वर. समुद्र, साडेतेराशे मीटरचं पठार आणि देश, तिघांना मिळून एक तापमान! सह्याद्रीचा कडा तिथे उरत नाही, लांबलचक उतार होतो.

यावरून भिरा आठवलं, देवकुंड धबधब्याजवळचं. देवकुंडला गेलेले हात वर करा. बरेच आहेत. 28 मार्च 2017 ला भिऱ्यात 46.5 अंशांची नोंद झाली. मार्चमध्ये! कोकणात! राजस्थानला मागे टाकलं म्हणून बातम्या झाल्या, आणि उपकरणं तपासायची वेळ आली. पण तो एक आकडा बाजूला ठेवा, जागा बघा. ताम्हिणी घाट उतरताना कानांना दडे बसतात ना? कोरडी हवा खाली उतरली की दाबली जाते आणि किलोमीटरमागे सुमारे दहा अंशांनी तापते. पुण्याची हवा पूर्वेच्या वाऱ्याबरोबर भिऱ्यात उतरली, की वरच्या वर साडेचार-पाच अंश वाढणार. त्यात तिन्ही बाजूंनी डोंगर, आणि समुद्राचं वारं पोचायला उशीर. जो कडा मॉडेलमध्ये नाही, त्याच्या पायथ्याचा उन्हाळा मॉडेल कुठून दाखवणार? थंडीत निफाडचं असंच. थंड, जड हवा रात्री सखल भागात साचते, द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, आणि चौकटीत मात्र…

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरली. भिऱ्यानं फार वेळ खाल्ला. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं मॉडेल मॉडेलांच्या जागतिक तुलनेत उतरलेलं पहिलं भारतीय, त्यावर अर्धं भाषण होतं. ते गेलं.

मागून शेरा ऐकू आला, उद्याचा पाऊस सांगता येत नाही आणि 2100 चं सांगतात! अहो, उद्याच्या पावसाला आजची हवा अचूक लागते. शतकाचा हिशेब ऊर्जेच्या जमाखर्चाचा. कामं वेगळी आहेत. आणि मी काही मॉडेलांचा वकील नाही, मी तक्रारदार आहे! (हशा)

माझी तक्रार अशी. पुष्कळ मॉडेलांत दिवस असायला हवा त्याहून थंड निघतो आणि रात्र त्याहून उबदार. दोन्ही चुका एकमेकींना खातात, सरासरी झकास जुळते, आणि सगळे खूश. उत्तरेत आणखी गंमत. गंगेच्या मैदानात दिवसाचं तापमान मॉडेलांच्या अंदाजाइतकं वाढलेलं नाही. धुळीधुराचं झाकण आणि कालव्यांचं पाणी, असा संशय आहे. रात्री ते झाकण कुणाला वाचवत नाही.

हवामान बदलावरच्या 2020 च्या केंद्रीय अहवालानुसार 1986 ते 2015 मध्ये वर्षातला सर्वांत उष्ण दिवस 0.63 अंशांनी चढला, सर्वांत थंड रात्र 0.4 अंशांनी. दिवस पुढे आहे, मान्य. पण उत्सर्जन बेलगाम राहिलं तर शतकाअखेरचे आकडे 4.7 आणि 5.5. पुढे कोण गेलं?

आणि हवामान खात्याची ‘उष्ण रात्र’ बघा. किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर हवंच, शिवाय दिवसाचं कमाल 40 किंवा त्याहून जास्त. म्हणजे रात्रीला दिवसाचा दाखला जोडावा लागतो! मुंबईचं कमाल चाळिशीला क्वचितच पोचतं, तेव्हा तिथे माणूस पहाटेपर्यंत घामानं भिजून जागा राहिला, तरी कागदावर रात्र साधीच. (टाळ्या)

पहिल्या रांगेतल्या बाई विचारतात, पुण्याच्या रात्री तापल्या त्या शहरामुळे की पृथ्वीमुळे? दोन्हींमुळे. शहराचा वाटा बघायचा असेल तर जानेवारीतली एखादी निरभ्र पहाट घ्या, आणि पाषाणचं नि मगरपट्ट्याचं किमान शेजारी लिहा. चार-पाच अंशांचं अंतर सहज दिसेल, एकाच महापालिकेत. हवामान बदलाला तेवढ्यापुरतं पाषाण-मगरपट्टा असा भेद करता येत नाही, तो बिल्डरला येतो. (हशा)

माइक बंद करताहेत. उरलेले प्रश्न बाहेर चहापाशी.