‘रन’ आणि ‘लागणे’

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाला, असे विचारले की आपण एखादा भारदस्त शब्द आठवू लागतो. उत्तर मात्र पहिलीतल्या मुलालाही येणारे आहे: ‘रन’. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा मान ‘सेट’कडे होता. पुढच्या आवृत्तीसाठी संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’वर सुमारे नऊ महिने काम केले. नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले.

मूळ अर्थ धावण्याचा. पण नदी वाहते, नाक गळते, धुताना कपड्याचा रंग जातो, डब्यातली साखर संपते, कोणी दुकान चालवतो. इंग्रजीत या सर्व ठिकाणी ‘रन’ हजर. यंत्रे आली तेव्हा तीही ‘रन’ होऊ लागली, पुढे संगणकाचा प्रोग्रामही. निवडणुकीत तर गंमतच आहे. अमेरिकेतला उमेदवार ‘धावतो’, इंग्लंडातला ‘उभा राहतो’. आपला उभाही राहतो आणि लढवतोही!

हे अर्थ कोणी सभा भरवून ठरवले नाहीत. शब्द रोजच्या वापरात राहिला, म्हणून नव्या कामाला उपयोगी पडला.

मराठीने या कामांची वाटणी वेगळी केली आहे. ‘रन’साठी आत्ताच आपण वाहणे, गळणे, जाणे, संपणे, चालवणे असे शब्द वापरले. आणि एकाच शब्दावर भार टाकायचा ठरवले, तर तीही मागे राहत नाही. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, भात बुडाला लागतो, आमटी आंबट लागते, प्रवासाला वेळ लागतो, अभ्यासात मन लागत नाही. वर आपण पाहुण्याला विचारतो, ‘ते तुमचे कोण लागतात?’ हे सगळे इंग्रजीत एका क्रियापदाने सांगून पाहा.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांनी याची दखल घ्यायला हवी. संस्कृती, परंपरा, वारसा हे मोठे शब्द आपण समारंभांत जपतो. लहान क्रियापदे मात्र ओट्याजवळ आणि जेवणाच्या पंगतीत जगतात. तिथून ती निघून गेली, तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

हिंदीच्या शेजारात ‘जावे लागते’चे ‘जावे पडते’ झाले, किंवा नातवंड ‘नाक रन होतंय’ म्हणाले, तर रागावू नये. शेजाऱ्यांचे शब्द आपण घेतच आलो आहोत, आणि त्यांनी आपले घर समृद्धच केले. पण हिशेब पाहावा: आत एक ‘रन’ आला आणि त्याच्यापायी गळणे, वाहणे, संपणे, चालवणे अशी चार क्रियापदे बाहेर पडली, तर तो सौदा तोट्याचा.

यावर उपाय खर्चाचा नाही. नातवंडाला इतकेच विचारा, ‘नाक गळतंय का रे?’ शिकवणी नको, टोकणे नको. योग्य शब्द योग्य वेळी कानावर पडला, की पुढच्या सर्दीला तोच त्याच्या तोंडी येईल. कोशात शब्दांची नोंद राहते. अर्थ मात्र घरातल्या बोलण्यातच वाढतात.