आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

(नामपूर, ता. बागलाण, जि. नाशिक येथे कार्यकर्ते व त्यांची कुटुंबे यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण मराठी माणूस भलत्याच ठिकाणी केलेल्या उपायाची थट्टा करण्यासाठी वापरतो. मोसम खोऱ्यातील शेतकऱ्याला मात्र तिच्यात थट्टेपेक्षा अनुभवच अधिक दिसावा. एप्रिल महिन्यात उन्हाळ कांदा चाळीत भरला जातो. लाकूड, बांबू, जाळी, वाळलेली पात, कोरडी साल आणि बारदान हे सारे एकाच आडोशाला येते. कांदा सडू नये म्हणून चाळ मुद्दाम हवेशीर बांधलेली असते आणि ठिणगी पडली की तीच खेळती हवा आगीला पोसते. शेजारी गोठा, गोठ्यामागे कडब्याची गंजी. धूर दिसताच सटाण्याला किंवा मालेगावला दूरध्वनी केला जातो. बंब निघतो, रस्त्याने येतो, मळ्याची वाट विचारतो. तो पोहोचेपर्यंत वर्षाची कमाई आणि कधी कधी दावणीची जनावरेही गेलेली असतात.

यात बंबावरील जवानांचा दोष नाही. आपल्या व्यवस्थेची घडणच तशी आहे. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची आली आणि अग्निशमन सेवा हा विषय नागरी स्थानिक संस्थांच्या यादीत गेला. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत अग्निशमनाची स्वतंत्र नोंद नाही. महाराष्ट्राने आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ केला आणि तो ६ डिसेंबर २००८पासून अमलात आला. परंतु त्याचा रोख मुख्यतः उंच इमारती, रुग्णालये, शाळा, सभागृहे, कारखाने यांवर आहे. मळ्यातील घर, गोठा आणि चाळ यांच्यापर्यंत कायद्याचा हात क्वचितच पोहोचतो.

ग्रामीण भागासाठी अग्निशमन केंद्रे मागितलीच पाहिजेत. ती मागणी न्याय्य आहे. पण केंद्र गावात आले तरी एक प्रश्न उरतोच. बंद खोलीतील आग अवघ्या काही मिनिटांत सबंध खोली व्यापते, आणि ज्वाळा माणसापर्यंत येण्याआधी धूर येतो. आगीत दगावणाऱ्यांपैकी बहुतेक जण धुराने, त्यातील कार्बन मोनॉक्साइडसारख्या विषारी वायूंनी दगावतात. ही पहिली काही मिनिटे कोणत्याही अग्निशमन दलाच्या वाट्याला येत नाहीत. ती घरातल्या माउलीच्या, वर्गावरच्या गुरुजींच्या, शेजारच्या तरुणाच्या वाट्याला येतात. त्या मिनिटांत काय करावे, हे त्यांना कोणी शिकवले आहे काय?

देशाने या प्रश्नाचे उत्तर फार महागात ऐकले आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाला आग लागली. कृत्रिम धाग्यांच्या कापडाचा मंडप डोक्यावर कोसळला. चारशेहून अधिक जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत बहुसंख्य मुले व स्त्रिया होत्या. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपरावर चढली आणि ९४ बालके गेली. या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली. १३ एप्रिल २००९च्या निर्णयात न्यायालयाने शाळांमध्ये अग्निशमन साधने बसवण्याबरोबरच शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचाही आग्रह धरला. कारण उघड आहे. भिंतीवर टांगलेले लाल नळकांडे आपोआप आग विझवत नाही. ते उचलणारा हात आणि 'आता उचलू नये, मुलांना बाहेर काढावे' हे ओळखणारी बुद्धी, दोन्ही तयार करावी लागतात.

ही तयारी कोणी करून घ्यायची, येथेच खरी उणीव आहे. वर्षातून एकदा प्रात्यक्षिक होते. मैदानात पत्र्याच्या तसराळ्यात डिझेल पेटवतात, जवान पिन काढतो, पांढरी भुकटी उडते, टाळ्या पडतात, छायाचित्र निघते. पाहणाऱ्यांनी एक देखणा प्रसंग पाहिलेला असतो. हाताने काहीच केलेले नसते. शिवाय मैदानातल्या त्या गर्दीत स्वयंपाकघर सांभाळणारी गृहिणी बहुधा नसतेच. भाजण्याच्या घटनांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे, हे लक्षात घेतले तर या प्रात्यक्षिकाची दिशा किती चुकते ते कळते. बंब सोमेश्वरी जातो तो असाही.

आग विझवणे ही एक विद्या आहे आणि आगीविषयी शिकवणे ही दुसरी. उत्तम जवान उत्तम शिक्षक असेलच असे नाही. मुलांना भाजलेल्या देहांची चित्रे दाखवली तर ती सावध होतात, असा समज आहे. प्रत्यक्षात घाबरलेले लहान मूल आग लागल्यावर पलंगाखाली, कपाटात किंवा धान्याच्या कणगीमागे लपते. मुखवटा आणि शिरस्त्राण घातलेला जवान शोधायला आला तर त्यालाही घाबरते आणि हाकेला ओ देत नाही. म्हणून जाणता शिक्षक मुलांना तो पोशाख आधी दाखवतो, हाताळू देतो, 'हा काका तुला न्यायला येतो' हे खेळातून बिंबवतो. 'आगीशी खेळू नका' एवढे सांगून तो थांबत नाही. धूर दिसला की जमिनीलगत रांगत दाराकडे जाणे, कपडे पेटले तर न धावता थांबणे, आडवे होणे आणि लोळणे, हे मुलांकडून दहा वेळा करून घेतो. संकटात बुद्धी गोठते. तेव्हा अंगवळणी पडलेलेच उपयोगी येते.

अमेरिकेला हे शहाणपण १९७३ साली आले. 'अमेरिका बर्निंग' या अहवालाने त्या संपन्न देशात दरवर्षी सुमारे १२ हजार माणसे आगीत मरतात, हे मांडले आणि अग्निशमनावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने प्रतिबंध व लोकशिक्षण किती उपेक्षित आहे, हे दाखवून दिले. पुढील दशकांत घरोघरी धुराची सूचना देणारी यंत्रे, कडक बांधकाम नियम आणि लोकशिक्षण यांच्या संयुक्त परिणामाने ती संख्या मोठ्या प्रमाणावर उतरली. या काळात तेथे 'अग्नि व जीवसुरक्षा शिक्षक' असा स्वतंत्र व्यवसायच मानला गेला आणि त्याच्या पात्रतेच्या पायऱ्या ठरल्या. पहिल्या पायरीचा शिक्षक तयार पाठ नीट शिकवतो, दुसरीवरचा पाठ रचतो आणि तिसरीवरचा सबंध परिसराची योजना आखतो. जपानची वाट निराळी. १ सप्टेंबर १९२३ रोजी कान्तो भागात दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळी भूकंप झाला आणि त्यानंतरच्या आगींनी भूकंपाहून अधिक बळी घेतले. आज तो दिवस जपानमध्ये आपत्ती-निवारण दिन म्हणून पाळला जातो आणि गावोगावची स्वयंसेवी अग्निशमन पथके नागरिकांचा सराव घेतात. एकाने व्यवसाय घडवला, दुसऱ्याने सामाजिक कर्तव्य मानले. दोघांनीही शिकवणाऱ्याला आधी शिकवले.

भारतात पाया नाही असे नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूर येथे सुरू झाले आणि दुसऱ्याच वर्षी नागपूरला आले. महाराष्ट्राच्या भूमीतील ही संस्था सबंध देशाचे अग्निशमन अधिकारी घडवते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. तथापि अधिकाऱ्याच्या आणि जवानाच्या शिक्षणाच्या जशा पायऱ्या रुळल्या आहेत, तशी समाजाला शिकवणाऱ्याची पायरी अद्याप रुळलेली नाही. ती रुळवणे अशक्य नाही, हे आरोग्यक्षेत्राने दाखवले आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्ती पुढे आली. ती डॉक्टर नाही. पण ती गावातलीच आहे, टप्प्याटप्प्याने शिकलेली आहे आणि पुन्हा पुन्हा त्याच उंबऱ्यावर जाते. गावकीत तिच्या शब्दाला वजन आले ते या तीन गोष्टींमुळे. अग्निसुरक्षेलाही असाच घरचा, शिकलेला आणि परत येणारा माणूस हवा.

असा शिक्षक घडवायचा तर त्याच्या शिक्षणात काय असावे? प्रथम अग्नीचे शास्त्र. इंधन, उष्णता आणि प्राणवायू या तिघांपैकी एक काढले की आग मरते, हे तत्त्व पाठ करून भागत नाही. ते घरातल्या वस्तूंत ओळखता आले पाहिजे. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतल्याने भडका उडतो. शेगडी बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवले की प्राणवायू तुटतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळती झाल्यावर तो जमिनीलगत साचतो. अशा वेळी विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, टाकीचा रेग्युलेटर बंद करावा, बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. गोठ्यातली किंवा मोटारीच्या स्टार्टरजवळची आग असेल तर वीजपुरवठा तुटल्याची खात्री झाल्याशिवाय पाण्याची बादली उचलू नये.

दुसरे, प्रथमोपचार. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, शाई, हळद, तूप लावण्याची सवय घराघरांत आहे. शिक्षकाने तिची टिंगल करू नये; ती प्रेमापोटीच आलेली असते. पण भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, बर्फ लावू नये, फोड फोडू नये, स्वच्छ कपड्याने झाकून १०८ची रुग्णवाहिका बोलवावी, हे त्याने हात धरून शिकवले पाहिजे. पेटलेल्या माणसाला गुंडाळायला नायलॉनची चादर नव्हे, जाड सुती गोधडी किंवा लोकरीचे घोंगडे हवे. ते प्रत्येक घरात आहेच.

तिसरे, घर वाचण्याची दृष्टी. गॅसची नळी पाच वर्षांपेक्षा जुनी आहे काय, शेगडी टाकीपेक्षा उंचावर आहे काय, देवघरातील समईच्या वर पडदा लोंबतो काय, झोपण्याच्या खोलीचे दार रात्री बाहेरून अडते काय, चाळीवरून विजेची सैल तार जाते काय, चाळ आणि गंजी यांत पुरेसे अंतर आहे काय. ही पाहणी चौकशीच्या थाटात झाली तर दार बंद होते; पाहुण्याच्या नात्याने झाली तर चहा मिळतो आणि नळीही बदलली जाते.

चौथे, गावाच्या शक्तीची मोजदाद. बागलाणात डाळिंबाच्या बागा आहेत, तेथे शेततळी आहेत, ट्रॅक्टरवर बसणाऱ्या फवारणीच्या टाक्या आहेत. कोणत्या वस्तीजवळ कोणते पाणी आहे, कोणाची टाकी भरलेली असते, बंब कोणत्या वाटेने मळ्यात शिरू शकतो, याचा हाती काढलेला नकाशा प्रत्येक वाडीत असावा. एका दूरध्वनीवर सर्व गावकऱ्यांना संदेश देणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा राज्यातील अनेक गावांत वापरली जाते. तिचा उपयोग चोराइतकाच आगीसाठीही व्हावा.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड, ती म्हणजे मर्यादेचे भान. आग केराच्या टोपलीएवढी असेल आणि पाठीमागे सुटकेची वाट मोकळी असेल, तेवढ्यातच तिच्याशी झुंजावे. त्यापुढे माणसे बाहेर काढणे हाच पराक्रम. तरुणांच्या उत्साहाला हे पटवणे हे ज्वाळा विझवण्याहून कठीण आहे, आणि तेच शिकवता आले नाही तर प्रशिक्षण माणसे वाचवण्याऐवजी माणसे गमावील.

शेवटी परीक्षा. ही परीक्षा शिक्षकाच्या उत्तरपत्रिकेत होत नाही. किती व्याख्याने झाली, किती पत्रके वाटली, ही संख्या अहवालाला शोभते. तीन महिन्यांनी त्याच घरी परत गेल्यावर नळी बदललेली दिसली, लहानग्याने बाहेर पडण्याच्या दोन वाटा बोट दाखवून सांगितल्या, आजीने पेस्टऐवजी पाण्याचे नाव घेतले, तर शिक्षक उत्तीर्ण झाला.

दरवर्षी १४ एप्रिलपासून देशात अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या बोटीवर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र होत्या. आग लागली, स्फोट झाला, शेकडो नागरिक मेले आणि कर्तव्यावर असलेले ६६ अग्निशामक हुतात्मा झाले. बोटीत काय भरले आहे हे ठाऊक असणारे लोक होते. ती माहिती ज्यांना हवी होती त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचली नाही. धैर्य तेव्हाही कमी नव्हते. पुष्पचक्र वाहून या वीरांचे स्मरण होतेच. त्यांचे ऋण मात्र माहिती योग्य दारापर्यंत नेऊनच फिटेल.

त्याच सप्ताहात मोसम काठच्या चाळी कांद्याने भरत असतात. नामपूर परिसरातील प्रत्येक गावाने त्या दिवसांत एक शिक्षक, एक आशा किंवा अंगणवाडी सेविका, बचत गटातील एक भगिनी आणि एक तरुण अशी चार माणसे निवडावीत, सटाणा-मालेगावच्या अग्निशमन जवानांकडून त्यांना रीतसर शिकवून घ्यावे आणि प्रत्येकाकडे पंचवीस घरे सोपवावीत. चौघांत मिळून शंभर घरे होतात. बंब जेव्हा यायचा तेव्हा येईल. तो येईपर्यंत त्या शंभर घरांत काय करायचे हे जाणणारी माणसे असतील.